उत्तमरावांच्या नावाची बाटली

बाटली गार होती.

"साहेबांची आहे," भुजंग म्हणाला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती बाटली त्याने देवळातला प्रसाद द्यावा तशी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. "आत्ताच दिलीय. एकदम ताजी."

आत्ताच दिलेली लघवी हाताला कोमट लागते. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या लघवीच्या बाटल्या हातात घेतल्या आहेत, एवढं मला कळतं. मी भुजंगच्या तोंडाकडे पाहिलं. भुजंग म्हणजे उत्तमराव टेकाळ्यांचा उजवा हात. स्वतःचं असं त्याला काहीच नव्हतं. साहेब हसले की हसायचं आणि साहेब उठले की चपला पुढे करायच्या, एवढ्यावर त्याचं बरं चाललं होतं.

"रोज ते स्वतः देतात. आज का नाही?"

"अशक्तपणा आलाय मॅडम. उठवत नाही त्यांना."

उठवत नसलेले उत्तमराव मला मंडपाच्या कनातीच्या फटीतून दिसत होते. लोडाला टेकून, एका पायावर दुसरा पाय टाकून, तो वरचा पाय हलवत ते पेपर वाचत होते. पेपरात त्यांचाच फोटो होता.

ही गोष्ट पंचवीसेक वर्षांपूर्वीची. मी तेव्हा सावरखेडच्या सरकारी ग्रामीण रुग्णालयात प्रयोगशाळा सांभाळत होते. मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव, एक मोठा रस्ता, त्या रस्त्याच्या एका टोकाला एसटी स्टँड, दुसऱ्या टोकाला दवाखाना आणि मधोमध तहसील कचेरी. मला गाव आवडलं नव्हतं आणि गावालाही मी. तोंडावर बोलणाऱ्या बाईला कोण चहा पाजतं? उत्तमराव मात्र गावाला फार आवडत. तहसीलसमोर रस्ता अडवून त्यांनी मंडप घातला होता आणि त्यात ते आमरण उपोषणाला बसले होते. मागणी अशी, की नव्याने बांधलेल्या एसटी स्टँडला त्यांच्या वडिलांचं नाव द्यावं.

वडील, दादाराव टेकाळे, म्हणजे आबा, जुन्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. कोणती गाडी कुठे लागली हे माइकवरून सांगणारा तालुक्याचा आवाज. अडाणी बाईमाणसाला हाताला धरून गाडीत बसवून देत. खाकी कपड्यांत जन्म गेला त्यांचा, आणि त्याच खाकी कपड्यांची उत्तमरावांना लाज वाटे. आपल्या पेट्रोल पंपाच्या उद्घाटनाला त्यांनी बापाला 'ते घालून येऊ नका' म्हणून निरोप पाठवला होता. आबा गेलेच नाहीत. वर्षभरापूर्वी आबा वारले आणि पालिकेची निवडणूक जवळ आली, तेव्हा कुठे उत्तमरावांना आपल्याला बाप होता हे आठवलं.

सरकारी नियमाप्रमाणे उपोषणकर्त्याची रोज तपासणी करणं आमच्याकडे आलं. वजन, नाडी, रक्तदाब आणि ॲसिटोन, असं सगळं मंडपाबाहेरच्या फळ्यावर लिहायचं. आमचे अधीक्षक डॉ. लोमटे यांना ही फळ्याची कल्पना सुचली. लोमट्यांना बदलीची इतकी भीती, की पुढारी शिंकला तरी ते स्वतः रुमाल घेऊन जात. फळा लावताना त्यांना वाटलं, साहेब खूश होतील.

पण ॲसिटोन ही चीज खूश करायला बांधील नसते. शरीराला साखर मिळेनाशी झाली की ते चरबी जाळायला लागतं, आणि त्या जळण्यातून ॲसिटोन आणि त्याची भावंडं तयार होतात. ती रक्तात साचतात आणि लघवीतून बाहेर पडतात. एक-दोन दिवस नीट उपाशी राहिलेल्या कोणाच्याही लघवीत ती सापडतात. यात पक्ष बघितला जात नाही. उत्तमरावांच्या लघवीत ती सापडेनात. रोज मी फळ्यावर 'ॲसिटोन: नाही' लिहायची, आणि रोज लोक ते वाचायचे. आधी कुणाला अर्थ कळत नव्हता. मग शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांनी चहाच्या टपरीवर तो सांगितला, आणि गावातल्या विरोधी साप्ताहिकाने 'साहेबांचे ॲसिटोन गेले कुठे?' असा मथळा दिला.

त्यानंतरच्याच सकाळी ही गार बाटली आली.

मी ती घेऊन प्रयोगशाळेत गेले. नळीत लघवी घेतली, अमोनियम सल्फेट विरघळेनासं होईपर्यंत टाकलं, नायट्रोप्रुसाइडचा खडा टाकून हलवलं आणि नळीच्या कडेने अमोनिया सोडला. ॲसिटोन असेल तर दोन थरांच्या सीमेवर जांभळं कडं उमटतं. उपाशी माणसाचं कडं सावकाश, लाजत उमटतं. हे कडं मी अमोनिया ओतत असतानाच उमटलं, आणि पिकल्या जांभळासारखं काळपट झालं.

लोमटे माझ्या पाठीशीच उभे होते.

"आलं की मॅडम! आलं!" घरात मूल झाल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला. "भरपूर आहे ना?"

"जरा जास्तच आहे. काल नाही आणि आज एवढं, असं होत नाही. थांबा, मला अजून बघायचंय."

"बघा की. पण भरपूर आहे ना? मग मी लिहून येतो. शास्त्राला सोडून काही नाही त्यात."

ते गेलेसुद्धा. मी दुसऱ्या नळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण घेतलं, त्यात लघवीचे थेंब टाकले आणि नळी ज्योतीवर धरली. तेवढ्यात मंडपातला लाऊडस्पीकर खरखरला. भुजंगचा आवाज सांगत होता की साहेबांचं ॲसिटोन आज भरपूर आलेलं आहे. मग टाळ्या. बराच वेळ टाळ्या. लघवीला टाळ्या पडलेल्या मी जन्मात तेवढ्या एकदाच ऐकल्या.

आणि माझ्या हातातलं निळं पाणी उकळीसरशी विटकरी झालं.

उपाशी माणसाच्या लघवीत ॲसिटोन असतं, साखर नसते. साखर आणि ॲसिटोन दोन्ही मिळून एवढ्या जोरात सापडतात ते एकाच ठिकाणी. ज्याचं शरीर बाहेरच्या इन्सुलिनवर चालतं आणि ज्याचं इन्सुलिन तुटलं आहे, अशा माणसात. रक्तात साखर मावत नाही, पण शरीराला ती वापरता येत नाही. रक्त आंबत जातं. श्वास लागतो, ग्लानी येते, आणि वेळेत सलाइन आणि इन्सुलिन पोहोचलं नाही तर माणूस संपतो.

लोमटे परत आले तेव्हा त्यांच्या बोटांना खडू लागलेला होता. मी नळी त्यांच्या नाकासमोर धरली.

"अरे बापरे, साहेबांना शुगर आहे?"

"साहेबांना नाही. या बाटलीला आहे."

लोमटे इतके मठ्ठ नव्हते. त्यांना समजलं, आणि समजल्याबरोबर त्यांनी ते समजणं थांबवलं. "मॅडम, आपलं काम बाटलीवरच्या नावापुरतं. आता फळ्यावर लिहून झालंय."

मी सिरिंज घेतली आणि मंडपात गेले. लघवीची खात्री रक्तावरून करावी लागते, असं मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. खोटं नव्हतं ते. समोर बसलेल्या लोकांपुढे उत्तमरावांना नाही म्हणता येईना. त्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि दंड थोपटून पुढे केला.

"घ्या मॅडम. रक्त घ्या. सावरखेडच्या मातीचंच आहे ते."

पुन्हा टाळ्या. मी शीर शोधायला वाकले. खऱ्या उपाशी माणसाच्या तोंडाला नासत चाललेल्या फळासारखा वास येतो. उत्तमरावांच्या तोंडाला लवंगेचा वास येत होता, आणि लवंगेच्या मागे कांद्याचा.

त्यांच्या रक्तातलं सीरम वेगळं करून मी त्याचीही तीच परीक्षा केली. जांभळ्या रंगाचा मागमूस नाही. साखर म्हणाल तर भरल्या पोटाने ढेकर दिलेल्या माणसाची असते तेवढी. मला आश्चर्य वाटलं नाही, फक्त किळस आली. पण आता किळसेला वेळ नव्हता. या गावात कुणीतरी एक माणूस त्या क्षणी मरणाच्या वाटेवर होता, आणि तो कोण हे उत्तमरावांना माहीत होतं.

दुपारी मंडप पेंगत होता. मी सरळ कनातीमागे गेले. उत्तमराव हात धुवत होते. भुजंगने झटकन एक पितळी डबा गादीखाली सारला.

"या, या. काय म्हणतंय आमचं रक्त?"

"तुमचं रक्त म्हणतंय, जेवण झालं. त्याचं मला काही नाही, तुम्ही पंगती झोडा. सकाळची बाटली कोणाची होती?"

"माझीच."

"मग तुम्हाला आत्ताच्या आत्ता भरती करते. त्या बाटलीतला माणूस संध्याकाळपर्यंत बेशुद्ध पडेल. उद्याची खात्री नाही."

ते हसले. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला राजकारण कळायचं नाही."

"मी फळ्यावर लिहीन. रक्तात काही नाही म्हणून."

"लिहा की. सकाळी तुमच्याच साहेबांनी भरपूर लिहिलंय. आता दुपारी नाही लिहिलं तर लोक कुणाला हसतील?"

हे मात्र त्यांना बरोबर कळत होतं. मी जागची हलले नाही. मग हळूहळू त्यांचं हसू आटलं. टॉवेलला हात पुसत त्यांनी विचारलं, "सुई बंद केली तर... एवढ्या लवकर होतं का असं?"

"कोणाची सुई?"

मी भुजंगकडे पाहिलं. भुजंगने साहेबांकडे पाहिलं.

"उत्तमराव, कोणाची सुई?"

"चारला पालकमंत्री यायलेत," ते माझी नजर चुकवत म्हणाले. "सरबत घेऊन. बोलणं झालंय सगळं. तेवढं चारपर्यंत थांबता येत असलं तर बघा. नंतर तुम्ही म्हणाल तसं करू. गाडी देतो माझी."

माणसं वाईट असतात याची मला सवय आहे. पण इतका सरळ, शांतपणे केलेला हिशोब मी त्याआधी पाहिला नव्हता. त्याने मरणाला वेळ दिली होती, मंत्र्यांच्या नंतरची. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिथे बोलत बसले असते तर माझा हात उठला असता.

त्याने नाव सांगण्याची आता गरजही उरली नव्हती. सावरखेडमध्ये रोज सुई घेणारं माझ्या माहितीतलं माणूस एकच होतं. वत्सला, उत्तमरावांची धाकटी बहीण. लहानपणापासून मधुमेही. लग्न झालं होतं, पण सुई घेणारी सून नको म्हणून सासरच्यांनी वर्षभरातच परत आणून सोडलेली. आबा असेपर्यंत दर महिन्याला ते तिला माझ्याकडे तपासायला घेऊन येत. मी रिपोर्ट लिहीपर्यंत बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसत, आणि साखर बरी निघाली की गाडी लागल्यासारखं मोठ्याने 'चला' म्हणत. आबा गेल्यापासून ती माझ्याकडे आलीच नव्हती, म्हणून सकाळी मला ती सुचली नव्हती.

दवाखान्याच्या जीपच्या ड्रायव्हरला, अंकुशला, मी उठवलं. सलाइनच्या बाटल्या घेतल्या. मंडपापाशी अंकुशने हॉर्न दिल्यावर पेंगणाऱ्या लोकांनी कुरकुर करत खुर्च्या सरकवल्या आणि आम्ही पलीकडे गेलो. जुन्या स्टँडच्या मागे आबांच्या दोन खोल्या होत्या. आबा गेल्यावर वत्सला तिथे एकटीच राहत होती. उत्तमराव नव्या बंगल्यात. दार नुसतं लोटलेलं होतं. आत शिरले आणि तो वास आला. नासत चाललेल्या फळांचा.

वत्सला खाटेवर पडली होती. श्वास खोल, लांब, घाईघाईचा, धावून आलेल्या माणसासारखा. ओठ कोरडे, डोळे आत गेलेले. मला बघून तिने पदर सारखा केला.

"मॅडम? तुम्ही कशाला आल्या?"

"सुई कधी बंद केलीस?"

"आधी निम्मी घ्यायची. पण घाम फुटायचा, हातपाय कापायचे. पोटात काही नाही तर सुई कशाला म्हणलं. परवापासून बंदच केली."

एवढंच. जेवायचं नाही तर सुई कशाला. किती साधा, किती सरळ विचार, आणि त्याच विचाराने माणूस मरतो. पोट रिकामं असलं तरी या आजारात थोडं इन्सुलिन लागतंच, हे तिला कुणी समजावून सांगितलंच नव्हतं.

"आणि जेवण का बंद केलंस?"

"उपोषण आहे ना. आबांच्या नावाचं."

मी तिच्या हाताला सलाइन लावत होते. ती हात ओढून घ्यायला लागली. "नको मॅडम. दादानं सोडल्याबिगर मी नाही सोडायची. नाव लागूद्या आधी."

"वत्सला, तुझा दादा जेवतोय," मी म्हणाले. मुलाहिजा ठेवण्याची ती वेळ नव्हती. "रोज जेवतोय. आज दुपारी कांदा खाल्ला त्याने. मी त्याचं रक्त तपासलंय."

मला वाटलं, ती रडेल, नाही तर मला खोटं ठरवेल. तिने डोळे मिटले.

"माहिताय मला. डबा मीच करते."

माझ्या हातातली चिकटपट्टी तशीच राहिली.

"वहिनीकडनं डबा गेला तर लोकांना कळंल, म्हणून माझ्याकडनं नेतात. पितळी डब्यात. आज भाकरी भाजता भाजता चक्कर आली, पण केलं." श्वास घ्यायला ती थांबली. "त्याला उपास निभत नाही मॅडम, लहानपणापासनंच. पण आबांच्या नावासाठी घरातलं कुणीतरी खरं उपाशी पाहिजे ना. नाही तर सगळंच खोटं झालं असतं."

"आणि बाटली?"

"सगळ्यांची तपासायची आहे म्हणला भुजंगभाऊ. काल सांजच्याला दिली."

मी आयुष्यात त्या उपोषणाइतकं काही तुच्छ मानलं नव्हतं. आणि ते अख्खं उपोषण, खरं तेवढं, या खाटेवर पडलेलं होतं. मला तिचा राग आला आणि दयाही आली.

"इन्सुलिन कुठे ठेवतेस?"

तिने कोपऱ्याकडे बोट केलं. ओल्या वाळूत पुरलेलं एक लहान मडकं, वर ओलं फडकं. फ्रिज नव्हता म्हणून आबांनी करून दिलेलं. आत कुप्या जशाच्या तशा, थंडगार. मी तिला इन्सुलिन टोचलं. आता तिच्यात हात मागे घ्यायचंही बळ नव्हतं. शेजारच्या दोन बायकांनी हात लावला, आम्ही तिला जीपमध्ये घातलं, आणि एकीने सलाइनची बाटली वर धरली.

दवाखान्याला जायला रस्ता एकच. परत त्या मंडपातून.

चार वाजून गेले होते. लाल दिव्याच्या गाड्या लागल्या होत्या आणि मघाच्या खुर्च्यांवर आता माणसं गच्च बसली होती. पालकमंत्री व्यासपीठावर पोहोचलेले, हातात सरबताचा पेला. अंकुशने हॉर्न दिला. भुजंग धावत आला.

"थांबा, थांबा मॅडम. साहेब आत्ता सरबत घ्यायलेत. फोटो होऊ द्या."

"बाजूला हो. आत वत्सला आहे."

भुजंगने आत डोकावलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर स्वतःचं काहीतरी दिसलं. तो व्यासपीठाकडे पळाला आणि साहेबांच्या कानाला लागला. उत्तमरावांनी जीपकडे पाहिलं, वर धरलेल्या बाटलीकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी हा उतरेल. कसाही असला तरी भाऊ आहे.

त्याने माइक घेतला.

"बंधूंनो, माझ्या बहिणीनं... माझ्या सख्ख्या बहिणीनं माझ्यापायी अन्न सोडलं. तिला तिथं गाडीत बघा. सलाइन चालू आहे तिला." आवाज दाटला, डोळे भरले. खरेच भरले असतील, ती कला त्याला अवगत होती. "अशा वक्ताला मी नावाचा हट्ट धरू? बहिणीच्या जिवापुढं नाव काय चीज आहे? आबांचं नाव स्टँडवर नसंल तर नसू द्या, माझ्या काळजात आहे. मंत्रीमहोदयांच्या शब्दाला मान देऊन मी हे उपोषण मागं घेतो."

मंत्र्यांनी पेला त्याच्या ओठाला लावला. मग जाहीर केलं, की अशा त्यागी माणसालाच पक्ष नगराध्यक्षपदासाठी उभा करणार आहे. बोलणं झालंय सगळं म्हणजे काय झालं होतं ते मला तेव्हा कळलं. स्टँडच्या नावाचा त्या बोलण्यात विषयच नसावा. ती मागणी सोडून द्यायला फक्त निमित्त हवं होतं, आणि मी ते जीपमध्ये घालून आणून दिलं होतं.

लोक उठले ते जीपकडे धावले. त्या त्यागी बहिणीचं दर्शन घ्यायला. बायका खिडकीतून हात घालून तिच्या पायांना लावत होत्या, कोणी हार टाकला, कोणी रडत होतं. जीप जागची हलेना. आत तिचा श्वास तसाच धापत होता, आणि बाहेर जयजयकार.

मी अंकुशच्या अंगावरून वाकले, हॉर्नवर तळवा दाबला आणि काढलाच नाही. तो कर्कश आवाज जयघोषावर चढला. तसंच हळूहळू पुढे सरकत, खुर्च्या मोडत, व्यासपीठाच्या कोपऱ्याला घासून आम्ही पलीकडे गेलो. मंत्र्यांच्या सदऱ्यावर सरबत सांडलं असं नंतर ऐकलं. लोमट्यांनी मला त्याबद्दल जाब विचारणारं ज्ञापन दिलं. ते मी अजून जपून ठेवलं आहे, दुसरं कुठलं प्रशस्तिपत्र मला नोकरीत मिळालं नाही.

वत्सला वाचली. दर थोड्या वेळाने मी तिचं रक्त आणि लघवी तपासत होते. विटकरी रंग हिरव्यावर आला, काळपट कडं फिकट होत गेलं, आणि एका सकाळी नळीत काहीच उमटलं नाही. इतकं सुंदर 'काहीच नाही' मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. ती उशीला टेकून बसली होती. शुद्धीवर आल्यापासून तिसऱ्यांदा तिने विचारलं:

"नाव लागलं का मॅडम? आबांचं?"

जीपमध्ये ती गुंगीत होती, तिने भाषण ऐकलंच नव्हतं. दोनदा मी तो प्रश्न टोलवला होता. या वेळी सांगितलं, भाषणासकट, तिकिटासकट. तिने सगळं ऐकून घेतलं.

"माझं निमित्त करून?" तिने विचारलं.

"हो."

ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. रडली नाही.

दुपारी उत्तमराव आले. बरोबर भुजंग, फोटोग्राफर, पाचसहा कार्यकर्ते आणि मोसंबीच्या रसाचा पेला. सगळ्या वॉर्डाला नमस्कार करत ते तिच्या खाटेशी आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि फोटोग्राफरकडे पाहिलं.

"वच्छे, घे. दादाच्या हातनं उपोषण सोड."

वत्सलाने पेल्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मॅडम, एक रिकामी बाटली द्या हो."

मला वाटलं, तिला तपासणीसाठी हवी आहे. टेबलावरची लघवीची धुतलेली बाटली मी तिला दिली. तिने ती घेतली, झाकण फिरवून काढलं आणि भावापुढे धरली.

"घे दादा. आता तुझी दे."

भुजंगने सवयीने हात पुढे केला.

"तुझी नको भुजंगभाऊ," ती म्हणाली. "त्याची पाहिजे. मॅडम तपासतील. आबांच्या नावावर कोण उपाशी होतं ते सगळ्यांनाच कळू दे."

पलीकडच्या खाटेवरची एक म्हातारी हसली. मग तिची सून. मग सगळाच वॉर्ड. फोटोग्राफरला काढावा की नाही ते कळेना. हाताला सवय होती, त्याने काढला. पेला तसाच टेबलावर ठेवून उत्तमराव गेले. कार्यकर्ते त्यांच्या मागे गेले. भुजंग शेवटी गेला, दारात एकदा वळून तिच्याकडे बघून.

त्यांची पावलं वाजायची थांबेपर्यंत वत्सलाने बाटली तशीच धरून ठेवली होती. मग झाकण लावून माझ्याकडे दिली.

"सुईची वेळ झाली ना?"

"झाली. सिस्टर येतील आता."

"सिस्टर कशाला? द्या इकडं."

तिच्या घरच्या मडक्यातून आणलेली कुपी आणि सिरिंज मी तिला दिली. तिने सिरिंज भरली, उजेडाकडे धरून टिचकी मारत बुडबुडा काढला आणि पदर बाजूला सारून स्वतःच टोचून घेतली. मग सिरिंज टेबलावर ठेवून ती मोठ्याने म्हणाली, "चला. आता जेवायला काय देता ते आणा."